संन्यासी, औदुंबर आणि प्रतीकांची किल्ली

बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर मराठीत जितकी शाई खर्ची पडली, तितकी एवढ्या छोट्या कवितेच्या वाट्याला क्वचितच आली असेल. तो औदुंबर म्हणजे विरक्त योगी, की मृत्यूची सावली, की दत्तभक्तीचा संस्कार, की निव्वळ पाण्याकाठचे झाड, हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्याचे पडसाद इथे बर्लिनमध्येही माझ्यापर्यंत पोचतात. एका पक्षाला प्रत्येक तपशिलामागे दडलेला अर्थ हवा असतो, तर दुसऱ्याला अर्थ शोधणे हाच निसर्गाचा अपमान वाटतो. या दोन्ही पक्षांना येथील आल्टे नॅशनलगॅलरीत कास्पर डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) या चित्रकारासमोर एकदा उभे करावे, असे मला फार वाटते.

त्याचे ‘समुद्रकाठचा संन्यासी’ हे चित्र १८०८ ते १८१० या काळातले. पावणेदोन मीटरला जराशा कमी रुंदीच्या या कॅनव्हासचा बहुतेक सगळा भाग आकाशाने व्यापलेला आहे, त्याखाली काळपट समुद्राचा अरुंद पट्टा आणि फिकट वाळू, आणि त्या वाळूवर बोटाच्या पेराएवढा वाटावा असा, आपल्याकडे पाठ केलेला एक माणूस. नजरेला टेकायला झाड नाही, खडक नाही, होडी नाही. होड्या आधी होत्या. इन्फ्रारेड तपासणीत रंगाखालच्या रेखाटनात शिडांची जहाजे दिसली, म्हणजे चित्रकाराने ती आखली आणि मग रंगवताना गाळली. ख्रिस्ती चित्रपरंपरेत जहाज हे जीवनप्रवासाचे सर्वपरिचित प्रतीक असूनही त्याने ते काढून टाकले, आणि माझ्या मते चित्रातली धास्ती या गाळण्यातूनच आली आहे. १८१० मध्ये हे चित्र बर्लिनच्या अकादमीत लागले तेव्हा नाटककार क्लाइस्टने लिहिले की, ते पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखे वाटते. कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नाही.

पण फ्रीडरिशने स्वतः अर्थाची किल्ली कधी दिलीच नाही असे मात्र नाही. डोंगरमाथ्यावरच्या क्रुसाचे त्याचे चित्र वेदीसाठीचे चित्र म्हणून पुढे आले, तेव्हा रामडोर या समीक्षकाने १८०९ मध्ये निसर्गचित्र आता चर्चच्या वेदीवर चढू पाहते आहे, अशी तक्रार केली. त्यावर फ्रीडरिशने अर्थ सांगितला: खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा. टीकेच्या रेट्याखाली दिलेले हे स्पष्टीकरण मला चित्रापुढे तोकडे वाटते. लाइपझिगमधल्या त्याच्या ‘जीवनाच्या अवस्था’ या चित्रात पाच माणसे आणि पाच जहाजे आहेत, तिथे हिशेब इतका चोख जुळतो की पाहणाऱ्याला करायला फारसे काही उरत नाही.

म्हणून ‘औदुंबर’कडेही मी मांडणीच्या बाजूने पाहतो. झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, मग हिरव्या कुरणांतून जाणारी पांढरी पायवाट, आणि ती थेट काळ्या डोहाकडे. औदुंबर येतो तो शेवटच्या ओळीत, तोपर्यंत वाचकाची नजर रंगांच्या उतरंडीने खाली आणलेली असते. योगी की मृत्यू हे ठरवायच्या आधीच उदासी पोचलेली असते.

‘निसर्ग तो निसर्गच’ म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिशचे चंद्र न्याहाळणाऱ्या दोन पुरुषांचे चित्र आहे, १८१९–२० च्या सुमाराचे. त्यांच्या अंगावरचा जुना जर्मन पोशाख त्या काळी राजकीय खूण होता, आणि नेपोलियनविरोधी देशभक्त असलेल्या चित्रकाराने तो जाणूनबुजून रंगवला. पुढे नाझींनी त्याला जर्मन आत्म्याचा चित्रकार म्हणून मिरवले. इथल्या ओक वृक्षांवर कुणी राष्ट्र लादले आहे, आणि आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवरही अस्मितेचे ओझे चढवले जातेच. त्याला ‘हे फक्त झाड आहे, हा फक्त कडा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. चित्रात काय ठेवले आणि काय गाळले हे दाखवूनच तो दावा खोडता येतो, कारण त्या संन्याशाच्या किनाऱ्यावर झेंडा तर सोडाच, साधे शीडदेखील चित्रकाराने राहू दिलेले नाही.