तो जेवत नाही, कारण तो आधीच जेवलेला असतो

काल पुन्हा तेच. साडेआठला कुकर उतरवला, बाजीरावाची, म्हणजे आमच्या कुत्र्याची, थाळी काढली. भात, मुगाची डाळ, दुधी आणि वर उकडलेलं अंडं कुस्करून. साहेब आले, नाक लावलं, माझ्याकडे एक नजर टाकली (सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक चाखणाऱ्या सासूची असते तशी) आणि सोफ्याखाली जाऊन बसले. लगेच घरातल्या तीन दिशांनी एकच वाक्य आलं, "आवडत नाहीये गं त्याला, दुसरं काहीतरी दे ना!"

हे 'दुसरं काहीतरी' माझ्या डोक्यात जातं. म्हणून ही पोस्ट.

इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरात माणसं पाच, कुत्री दोन. बाजीराव हा आठ किलोचा पांढरा स्पिट्झ. शेवंती देशी, चार वर्षांपूर्वी पावसात गेटखालून आत शिरली ती कायमची. तिची तऱ्हा वेगळीच. लाल भोपळ्याची फोड भातासकट तोंडात घेते, भात गिळते आणि फोड स्वच्छ चाटून पायपुसण्यावर आणून ठेवते. रोज. तिथे बाहेर पडताना माझा पाय पडतो, रोज.

लोकांना वाटतं कुत्र्यांसाठी वेगळा स्वयंपाक म्हणजे केवढा व्याप. नसतो हो. कुकरात तीन डबे लावते, वरण, भात आणि वरच्यात दुधी किंवा भोपळा. मीठ-हिंग काही नाही. झाकण उघडलं की आधी या दोघांचं काढायचं, मग आपल्या वरणाला फोडणी. सगळी गंमत त्या फोडणीच्या आधीच्या दोन मिनिटांत आहे. आठवड्यातून दोनदा चिकन, तेही मागच्या गॅलरीत इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात, कारण सासूबाईंच्या ओट्यावर ते चढणार नाही. हाडं मी एकूण एक काढते. शिजलेल्या हाडाच्या सळ्या होतात आणि आतड्यात रुततात. भात-पोळीबद्दल मात्र मला अपराधी वाटत नाही. कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती त्याच्यात असतात, हे 2013 मध्येच 'नेचर'मध्ये छापून आलंय. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं काढली की पोटही बदलतं.

तर मग बाजीराव का खात नाही? गेल्या हिवाळ्यापर्यंत मीही 'चोचले' म्हणून सोडून देत होते. मग तो मलूल झाला. जिना चढताना मध्येच बसायला लागला. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, त्या फिकट होत्या. रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कांदा-लसूण देता का?" मी ताठ मानेनं म्हटलं, "छे! मी फोडणीच्या आधीच काढते."

घरी येऊन फ्रिजवर एक वही टांगली. दिवसभरात जो जे काही देईल ते त्यानं लिहायचं. चौथ्या दिवशी वही वाचली आणि मी खाली बसले.

सकाळी नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तूप लावलेली पोळी. चहाबरोबर चार बिस्किटं. रात्री टीव्ही बघताना आमच्या ह्यांच्या ताटलीतली मूठभर लसूण सेव. चिरंजीवांकडून चीजची एक चकती. रविवारच्या पोह्यांतले खाली सांडलेले, कांद्यासकट. आणि वहीत कोणी लिहिलं नव्हतं, पण दूधवाल्या भियाच्या खिशातून रोज एक टोस्ट.

मी हिशोब मांडला. आठ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेपाचशे कॅलरी लागतात. वहीतलं सगळं मिळून चारशेच्या आसपास जात होतं. मग माझ्या दुधी-भाताकडे तो कशाला बघेल? तो चोखंदळ नव्हता, तुडुंब होता. आणि डॉक्टरांसमोर ताठ झालेली माझी मान लसूण सेवेनं खाली घातली.

इंदूरकरांनो, हे जरा नीट वाचा. आपल्याकडे सेव म्हणजे मीठ घातल्यासारखी प्रत्येक पदार्थावर पडते. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, पूड केलेला, सगळा सारखाच. आठ किलोच्या कुत्र्याला एका वेळी चाळीस ग्रॅम कांदा, म्हणजे एक लहानसा कांदा, बाधायला पुरतो. लसूण त्याहून जहाल. थोडं थोडं रोज गेलं तरी साचत जातं, आणि त्रास दिसतो तो काही दिवसांनी, म्हणून सेवेवर संशयच येत नाही. शिऱ्यातले बेदाणेही नकोत, त्यानं मूत्रपिंडं जाऊ शकतात. प्रसाद असला तरी.

यावर नानांचं उत्तर तयार होतं. "कुत्रं पोळी घेऊन पळालं तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते!" मी म्हटलं, "नाना, त्या कुत्र्यानं दिवसभरात ती एकच पोळी पळवली होती. आपल्याकडचं सोफ्यावर झोपतं." नाना दोन दिवस बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. म्हातारपणी आपल्या हातून आवडीनं खाणारं घरात कोण उरतं, हे मलाही कळतं. म्हणून पोळी बंद केली नाही, पाव केली.

आता थाळी कोमट असतानाच ठेवते. कुत्र्याला चव कमी, वास फार, आणि गार भाताला वासच नसतो. पंधरा मिनिटं थांबते, नाही खाल्लं तर उचलते. पहिल्या दोन दिवसांत घरच्यांनी मला राक्षसीण ठरवलं. तिसऱ्या दिवशी बाजीरावानं थाळी ढकलत पार फ्रिजपर्यंत नेली.

मग मी चिरंजीवांकडे वळले, कारण गिलकीची भाजी बघून तेही असंच तोंड फिरवतात. पाकिटात कचोरीच्या दुकानाची चिठ्ठी सापडली, वेळ संध्याकाळी सव्वासात. त्यांच्यासाठीही वही टांगावी असं सुचवलं, तर घरात कोणी अनुमोदन दिलं नाही.

वही अजून चालू आहे. आज सकाळची नोंद नानांच्या वळणदार अक्षरात आहे: "7:40. पोळी पाव. तूप नाही." त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात एकच शब्द, "खोटं."