कोपरे गोल येतात म्हणून अलार्म बंद करायचा?

सर्व्हो मोटर (स्वतःची जागा मोजत आज्ञेप्रमाणे फिरणारी मोटर) असलेल्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या, मशीनवर अक्षरे कोरताना त्यांचे कोपरे गोलसर किंवा विस्कटलेले येत असतील, तर काय करावे याचे ‘पाच हमखास उपाय’ सांगणारा एक संदेश बरेच दिवस या हातातून त्या हातात फिरतो आहे. मी तो तीनदा वाचला आणि तीनदा सोडून दिला. चौथ्या वेळी तो माझ्या भाच्याकडून आला आणि सोबत त्याचा प्रश्न होता, “मामा, यातला गेनचा उपाय करून झाला, आता मशीन थरथरते आहे. अलार्मचा करू का?” त्यामुळे लिहिणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे असे आहे. एक, सर्व्होला एन्कोडर (मोटर किती फिरली हे मोजणारा भाग) असल्यामुळे मोटर कधीच चुकत नाही, म्हणून दोष बॉल स्क्रूचाच (मोटरचे फिरणे सरळ सरकण्यात बदलणाऱ्या स्क्रूचाच) असतो आणि तो बदलावा. दोन, ड्राइव्हचा (मोटरला वीज पुरवून चालवणाऱ्या उपकरणाचा) गेन, म्हणजे चूक दिसली की ती किती जोराने दुरुस्त करायची याचे प्रमाण, मोटर गुणगुणू लागेपर्यंत वाढवावा आणि मग ‘किंचित’ कमी करावा. तीन, फॉलोइंग एररचा अलार्म सारखा येत असेल, तर त्याची मर्यादा कमाल ठेवावी किंवा तो बंदच करावा. चार, प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी जी६१ (प्रत्येक तुकड्याचे नेमके टोक गाठून थांबण्याची आज्ञा) लिहावे. पाच, तरीही जमले नाही तर फीड (कापताना कटर सरकण्याचा वेग) निम्म्यावर आणावा.

तिसऱ्या मुद्द्याकडे आधी वळतो, कारण बाकीचे मुद्दे अर्धवट आहेत, पण हा धोकादायक आहे. फॉलोइंग एरर म्हणजे अक्षाला (मशीनच्या सरकण्याच्या एका दिशेला; सपाटीवर एक्स आणि वाय, वर-खाली झेड) जिथे असण्याची आज्ञा दिली आहे ती जागा आणि एन्कोडरच्या मते तो जिथे आहे ती जागा, यांतले अंतर. समजा, मशीन चालू असताना एन्कोडरची तार सुटली. ड्राइव्हला मोटर हललेलीच दिसत नाही. म्हणून तो जोर वाढवत नेतो आणि अक्ष पूर्ण ताकदीने टोकाकडे धावतो, मग वाटेत पकड असो, कटर असो किंवा कोणाचा हात असो. अशा वेळी वीज तोडणारी पहिली गोष्ट म्हणजे हाच अलार्म. मर्यादा अवास्तव कडक असेल तर ती मोजून थोडी सैल करणे वेगळे आणि अलार्मची कटकट नको म्हणून तो मिटवून टाकणे वेगळे. गंमत म्हणजे (गंमत कसली, संताप येतो) हा अलार्म कोपऱ्यांच्या तक्रारीबद्दलची सर्वांत नेमकी माहिती देत असतो. मोटर आज्ञेच्या फार मागे पडते आहे, हेच तो सांगतो, आणि कोपरा गोल होण्याचे एक मुख्य कारणही तेच आहे. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने दुखणे तसेच ठेवून मोजमाप तेवढे काढून टाकायला सांगितले आहे.

यावरून पहिल्या मुद्द्यातली चूकही लक्षात येते. ‘चुकत नाही’ आणि ‘मागे राहत नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या पोझिशन लूपमध्ये (जागा मोजून चूक सतत दुरुस्त करणाऱ्या चक्रात) अक्ष आज्ञेच्या किती मागे चालतो, हे वेगाला गेनने भागून कळते. फीड मिनिटाला १२०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २० मिलिमीटर असेल आणि पोझिशन गेन सेकंदाला ४० असेल, तर अक्ष अर्धा मिलिमीटर मागे असतो. सरळ रेषेत हे दिसत नाही, कारण मागे पडलेला कटरही त्याच रेषेवर असतो. काटकोनात मात्र एक्स आपले उरलेले अर्धा मिलिमीटर संपवत असतानाच वायची आज्ञा सुरू झालेली असते. वेग कमी न करता वळण घेतले, तर कटर खऱ्या कोपऱ्यापासून सुमारे पाव मिलिमीटर आतून निघून जातो. लहान अक्षराच्या कोरीव कामात पाव मिलिमीटर डोळ्याला सहज खुपतो. ड्राइव्हमध्ये फीडफॉरवर्डची (चूक होण्याची वाट न पाहता आज्ञेवरूनच जोर देण्याची) सोय असेल, तर हे मागे पडणे पुष्कळ कमी करता येते. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

बॉल स्क्रू झिजलेला असूच शकतो, हे मान्य करावे लागेल. एन्कोडर मोटरच्या मागे बसवलेला असेल, तर स्क्रूमधला बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) आणि सैल कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा सांधा) त्याला दिसत नाही. पण स्क्रू बदलण्याआधी डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे साधन) लावून अक्ष उलटसुलट हलवून पाहायला किती वेळ लागतो? त्याहून सोपी कसोटी म्हणजे एकच चौकोन एकदा मिनिटाला २०० आणि एकदा २००० मिलिमीटर फीडने कापणे. फीडबरोबर कोपऱ्याची गोलाई वाढली तर मोटरचे मागे पडणे, कंट्रोलरने (मशीनला आज्ञा देणाऱ्या संगणकाने) वळण गुळगुळीत करणे किंवा अ‍ॅक्सिलरेशन यांपैकी काहीतरी आहे. दोन्ही चौकोन सारखेच वाकडे आले, तर बॅकलॅश, कपलिंग किंवा कटर तपासावा.

गेनच्या सल्ल्याचे मूळ मला ओळखीचे वाटते. १९४२ मध्ये झिगलर आणि निकोल्स या अमेरिकी अभियंत्यांनी कंट्रोलरच्या ट्यूनिंगची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात गेन अखंड दोलन सुरू होईपर्यंत वाढवत नेण्याची पायरी खरोखरच आहे. पण त्यापुढे ‘किंचित’ हा शब्द कुठेही नाही. फक्त प्रपोर्शनल नियंत्रण (जेवढी चूक तेवढा जोर) असेल, तर तो गेन निम्म्यावर आणायचा, इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीची दुरुस्ती) जोडले तर ०.४५ पटीवर आणि पूर्ण पीआयडी (चूक किती वेगाने बदलते याचीही दखल घेणारे) असेल तर ०.६ पटीवर. शिवाय, दोलनाचे प्रत्येक पुढचे शिखर आधीच्या शिखराच्या चौथाई उरावे, हे त्या पद्धतीचे उद्दिष्ट होते. म्हणजे लक्ष्याच्या पुढे जाऊन परतणे त्यात गृहीत धरले आहे. तापमान किंवा दाब सांभाळताना ते चालते. पितळेच्या पट्टीवर कटर कोपऱ्याच्या पुढे गेला की तो चरा परत भरता येत नाही. म्हणून कोरीव कामासाठी त्यांचा आकडाही वरची मर्यादा मानून, त्याखालीच काम करावे. कोपऱ्यानंतर रेषेवर लहरी दिसत असतील, तर त्यांतले अंतर मोजावे. सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने अर्ध्या मिलिमीटरवर लहर येत असेल, तर कंपन ४० हर्ट्झचे आहे. फीड बदलून लहरींमधले अंतर त्याच प्रमाणात बदलले, तर दोष लूपचा किंवा सांगाड्याच्या कंपनाचा असतो. आणखी एक गोष्ट, एक्स आणि वायचे गेन सारखे नसतील तर वर्तुळ तिरके लंबगोल येते. म्हणून जड अक्ष आधी ट्यून करून हलका अक्ष त्याच्या बरोबरीला खाली आणावा.

जी६१ निदानासाठी उपयोगी आहे, एवढे नाखुशीने कबूल करतो. ते लावल्यावर कोपरा टोकदार झाला, तर जी६४ (न थांबता कोपरे गुळगुळीत करत जाण्याची आज्ञा) मधली गुळगुळीतपणाची मुभा जास्त होती असे समजावे आणि कंट्रोलर परवानगी देत असेल तर ती मर्यादा आकड्याने ठरवावी. पण हजारो छोट्या तुकड्यांनी बनलेल्या वळणदार अक्षरात कायमचे जी६१ ठेवले, तर मशीन प्रत्येक तुकड्यावर अडखळते. त्यात केवळ स्टेप पल्स (एकेक पाऊल सरकण्याचे विजेचे ठोके) देणाऱ्या कंट्रोलरसाठी थांबणे म्हणजे पल्स थांबणे. मोटर तोवर पोहोचली की नाही, हे त्याला ठाऊक नसते. फीड निम्मा केल्याने मागे पडणेही निम्मे होते, हे खरेच आहे, पण कटर घासत राहतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

झेडबद्दल या पाच उपायांत चकार शब्द नाही. व्ही आकाराच्या कटरने अक्षर कोरताना आतल्या कोपऱ्यात कटर वर उचलला जातो, म्हणून कोपऱ्याची धार झेड ठरवतो. ९० अंशांच्या कटरला खोलीत ०.१ मिलिमीटर चूक झाली, तर चराची रुंदी ०.२ मिलिमीटरने चुकते. भाच्याने गेन निम्म्यावर आणला, तेव्हा थरथर थांबली. मग सपाट कटरने दोन्ही फीडला कापलेले चौकोन सारखेच आणि टोकदार आले, अक्षरांचे कोपरे मात्र बिघडलेलेच राहिले. मग त्याने झेडचा ड्राइव्ह उघडून पाहिला, तेव्हा स्पिंडलचे (कटर फिरवणाऱ्या भागाचे) सगळे वजन पेलणाऱ्या त्या अक्षाचा पोझिशन गेन एक्सच्या एक-तृतीयांश निघाला.