औष्णिक केंद्राशेजारी सुखाने नांदायचे उपाय

औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीखाली प्लॉट घेताय? खुशाल घ्या. अठरा वर्षं नांदतेय इथे, चार युक्त्या फुकट सांगते. केंद्राचं नाव मात्र विचारू नका, ह्यांचं काम तिथल्याच कंत्राटदाराकडे आहे.

पांढरा रंग घरातून हद्दपार करा.

कपडे वाळत घालताना झटका, काढताना झटका, अंगात घालताना झटका. जिमचे पैसे वाचतात.

वीज बनवणारे संच म्हातारे झाले म्हणून घाबरू नका. 210 मेगावॅटच्या संचाचं आयुष्य कागदावर पंचवीस वर्षांचं. नाशिकजवळ एकलहऱ्याचे तीन संच 1979 ते 1981 दरम्यान सुरू झाले, म्हणजे चाळिशी कधीच उलटली. त्यांच्या जागी 660 चा नवा संच येणार येणार म्हणता म्हणता तिथली किती माणसं रिटायर झाली! म्हातारपणी बॉयलरच्या नळ्या फुटतात, हाही आपलाच फायदा. ट्यूब लिकेज झालं की मिनिटाला 3000 फेरे घेणारं टर्बाइन थांबतं, दोन-तीन दिवस संच बंद. आमच्या गल्लीत बायका लगेच गोधड्या धुवायला काढतात.

पाण्याचं टेन्शन नको. 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचं अख्खं केंद्र बंद पडलं होतं. वैजनाथ असाही पावतो.

आता कुरडया. गच्चीवर वाळवण घालायचं असेल तर आधी मला भेटा. परवा पाच किलो गव्हाच्या घातल्या. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, चीक काढला, शिजवला, पहाटे उठून सोऱ्या दाबून दाबून हात भरून आले. आईच्या जुन्या सुती पातळावर ओळीने घातल्या, पांढऱ्याशुभ्र. दोन दिवस छान वाळल्या, शेवटच्या उन्हासाठी रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी बघते तर प्रत्येक कुरडईच्या वळ्यावळ्यात राख. फुंकर मारली, निघेना. पुसायला गेले, तर कुरडई तुटली.

केंद्रात फोन केला. "मॅडम, ती राख नाही, धूळ आहे. वारा फिरलाय." वारा रात्रीच कसा फिरतो हो? "गच्चीला नेट लावून घ्या."

नेट मी लावायचं? आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. 210 चा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला तीन हजार टनांहून जास्त कोळसा खातो. म्हणजे एका संचाची राख रोज हजार टनांच्या घरात. ती चिमणीआधी अडवायलाच ईएसपी नावाचं यंत्र असतं ना? धुरातल्या राखेला विजेचा भार द्यायचा, ती पत्र्यांना चिकटते, हातोड्यांनी ठोकून खाली पाडायची. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे ही, चंद्रावर जायचं नाहीये. गंधकाच्या धुराचं तर बोलायलाच नको. 2015 मध्ये तो आवरायचा नियम आला, 2017 ची मुदत दिली, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच. मुदतवाढ बॉयलरला मिळते, चिमणीला मिळते. आमच्या सासऱ्यांच्या छातीला कोण देतं?

जाऊ दे, युक्त्याबिक्त्या राहू द्या. साहेब, लाज वाटली पाहिजे. वीज आम्हालाही हवी, केंद्र बंद करा असं कुणी म्हणत नाही, आमचं पोटच त्यावर आहे. पण ईएसपीची फील्ड, म्हणजे राख पकडणारे कप्पे, बंद असतील तर दुरुस्त करा, आणि होत नसतील तर तेवढा संच बंद ठेवा. रात्री अंधारात राख सोडायची आणि सकाळी फोनवर आम्हाला वाऱ्याची दिशा शिकवायची, हे धंदे बंद करा. पाच किलोच्या कुरडया डब्यात भरून ठेवल्यात. धूळच आहे म्हणताय ना, मग ह्यांच्या हाती पाठवते. तळा आणि पोराबाळांसकट खा.