पाणी तोडून पिल्लू कोरडं राहत नाही

'सात दिवसांत पिल्लू रात्रभर कोरडं! खात्रीशीर घरगुती उपाय' अशा मथळ्याचा, कुत्र्याच्या पिल्लांबद्दलचा एक मेसेज फिरतोय. मला तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, आणि परवा चक्क दूधवाल्याकडून. त्यातले उपाय थोडक्यात असे: संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. झोपताना दूध-पोळी. रात्री रडलं तरी उठायचं नाही. घरात शू केली की तिथेच नाक घासून एक चापट. जागा फिनाईलने पुसायची. कोपऱ्यात लाल पाण्याची बाटली ठेवायची. एवढं करूनही सुधारलं नाही तर पिल्लू हट्टी आहे, परत देऊन टाका.

वरच्या मजल्यावरचा मुलगा गेल्या रविवारी दारात उभा. "काकू, आज सातवा दिवस. मेसेजमधलं सगळं केलं. आई म्हणते आता एकतर गादी जाईल नाहीतर कुत्रा." पिल्लू लॅब (लॅब्राडोर), वय नऊ आठवडे. त्याला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी ते 'सात दिवस'. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःहून लघवीही करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत हेच चालतं. पुढे ते झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन करायला शिकतं, पण धरून ठेवणं ही फार पुढची गोष्ट. ढोबळ हिशेब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास ते जागेपणी धरू शकतं. झोपेत थोडं जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचे दिवसा तीन तास, रात्री फार तर चार. आपण झोपतो दहा ते सहा. बहुतेक पिल्लं चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास रात्र काढू लागतात, छोट्या जातींची त्याहून उशिरा. आमची भुरी, रस्त्यावरून उचललेली देशी, पाचव्या महिन्यात रात्रभर राहायला लागली आणि नंतरही दिवाळीत फटाक्यांनी एकदा सगळं पांघरूण भिजवलं. सात दिवसांत मूत्राशय वाढत नाही, कितीही जणांना मेसेज पाठवला तरी.

यात आणखी एक गोम आहे. आपल्याकडे पिल्लं '४५ दिवसांची' म्हणून सर्रास विकली जातात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. ४५ दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे. याच दिवसांत पिल्लं आईच्या मागे बाहेर जाऊन 'झोपायची जागा वेगळी, करायची वेगळी' हे पक्कं करत असतात. आणि जे जाळीच्या पिंजऱ्यात, जिथे झोपायचं तिथेच शी-शू करत वाढलंय, त्याची ती सवय मोडलेलीच असते. त्याला वेळ दुप्पट लागला तर त्यात त्याचा काय दोष?

आता पाणी. मेसेजमधला हा सगळ्यात धोकादायक सल्ला, आणि पटकन पटणाराही हाच. पाणी नाही तर शू नाही, किती सरळ! पण मूत्रपिंडं काही नळासारखी बंद होत नाहीत. पाणी कमी मिळालं की लघवी गडद होते, थांबत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्या प्रत्येक धापेत पाणी जातं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना संध्याकाळी सहा ते सकाळी सहा लहान पिल्लाला पाण्याविना ठेवणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. त्यातून ते कोरडं खाद्य खात असेल तर खाण्यातूनही पाणी मिळत नाही. वरच्या मजल्यावर नेमकं झालं ते असं: सकाळी भांडं ठेवलं की पिल्लू अख्खं भांडं घटाघट संपवायचं आणि दुपारपर्यंत घरभर शू करत फिरायचं.

यात खरं तेवढंच घ्यायचं. दिवसभर पाणी मोकळं, रात्रीचं जेवण सातच्या सुमारास, आणि तब्येतीने ठणठणीत असलेल्या पिल्लाचं भांडं झोपण्याआधी तासभर उचललं तर चालतं. उन्हाळ्यात तेही नको. झोपायच्या अगदी आधी, म्हणजे तुमचे दात घासून झाल्यावर, शेवटची फेरी.

आणि गंमत बघा, पाणी सहाला बंद करणारा हाच मेसेज झोपताना कपभर दूध द्यायला सांगतो! दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. शिवाय आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना दुधातली साखर नीट पचत नाही, म्हणून पहाटे तीनला शूसोबत पातळ शीसुद्धा. दूध-पोळीवर वाढलेला आजोळचा मोती मलाही आठवतो. पण मोती अंगणात झोपायचा, त्याची गादी कोण तपासत होतं?

'रडलं तरी उठू नका.' अर्धं खरं, म्हणून घातक. नवीन घरात पहिल्या रात्री पिल्लू एकटेपणानेही रडतं. त्यावर उपाय म्हणजे त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर लागेल इतक्या जवळ. पण गाढ झोपेतून उठून जे कुईकुई करतं ते बहुतेक वेळा शू आल्याचंच सांगत असतं. तेव्हा न उठणं म्हणजे त्याला अंथरुणात करायला शिकवणं. त्याहून बरं, ते रडायच्या आधीच आपण उठावं.

मी गजर लावायचे अडीचचा. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. भुरीला उचलूनच खाली न्यायचे, कारण चालवत नेलं की उंबऱ्यावरच बसायची. गेटजवळच्या खडीवर सोडायचं, पट्टा हातात. ती एक गोल चक्कर मारायची, नाक खाली, मग दुसरं चक्कर, तोवर माझे पाय गारठलेले आणि वॉचमन खुर्चीत घोरत. बसली की हळूच 'शू कर' म्हणायचं, आणि संपताक्षणी, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. घरात आल्यावर दिला तर तिला वाटणार घरात येण्याचं बक्षीस आहे. खेळ नाही, लाड नाही, सरळ अंथरुणात. लागोपाठ तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढे. अडीचचे पावणेतीन, पावणेतीनचे तीन. एखादी रात्र ओली गेली की पुन्हा मागे. सगळी युक्ती एवढीच, आणि म्हणूनच तिचा मेसेज होत नाही.

लसी पूर्ण व्हायच्या आधी खाली कसं न्यायचं, असंही कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लसींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. भुरी रस्त्यावरच जन्मलेली होती, तरी डॉक्टरांना विचारूनच मी तो एक कोपरा निवडला. फ्लॅटमध्ये तोवर बाल्कनीत परातीएवढा ट्रे, त्यात हिरवळीचा तुकडा. वर्तमानपत्रही चालतं, फक्त मग नंतर सोफ्यावर पडलेला ताजा पेपरही त्याला आपलाच वाटतो.

नाक घासणं. पिल्लू शिक्षेची सांगड त्या क्षणी घडत असलेल्या गोष्टीशी घालतं, दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्याशी नाही. त्याच्या डोक्यात बसतं ते इतकंच की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे करू लागतं, आणि वाईट म्हणजे खाली नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही, वर येऊन पलंगाखाली जातं. 'बघा, मुद्दाम करतो' म्हणणाऱ्यांनी आधी आपण काय शिकवलं ते आठवावं. प्रत्यक्ष करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवायचं आणि उचलून बाहेर न्यायचं, बस्स.

फिनाईलने आपल्या नाकाला वास झाकल्यासारखा वाटतो, पिल्लाच्या नाकाला नाही. त्यात फेनॉलसारखी द्रव्यं असली तर ती विषारी, आणि पिल्लू ओल्या फरशीवरून चालून तेच पंजे चाटतं. अमोनिया असलेलं क्लीनर तर उलटंच काम करतं, त्याचा वास लघवीच्या जवळचा. लघवीसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण आणा. गादीवर घासायचं नाही, जुन्या टॉवेलने दाबून टिपायचं, द्रावण मुरू द्यायचं, पूर्ण वाळवायचं. आणि मुळात गादीवर बाळांची रबरी शीट घाला की!

लाल बाटली. फाटकापाशी लाल नाहीतर नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवणारी अर्धी गल्ली मी पाहिली आहे. कुत्र्याला निळा-पिवळा दिसतो, लाल जवळजवळ मातकट दिसतो. निळी बाटली दिसली तरी तिला भिण्याचं त्याला कारण नाही. यापलीकडे शब्द खर्च करत नाही.

राहिला 'हट्टी'. रात्री कोरडं राहू लागलेलं पिल्लू अचानक पुन्हा भिजवू लागलं, सारखं थोडं थोडं करतंय, लघवीला लाल झाक आहे, सतत तिथे चाटतंय, तर ते लघवीच्या मार्गाचा संसर्ग असू शकतो. मादी पिल्लांत तो जास्त दिसतो. झोपेत किंवा चालताना सतत थेंब गळत असतील तर मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी, जन्मतः चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता तपासावी लागते. हेही माद्यांमध्येच जास्त सापडतं, लॅब, गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्की यांच्यात विशेष. अशा पिल्लाला कितीही शिकवलं तरी ते कोरडं राहणार नाही.

वरच्या पिल्लाचं तसं काही वाटत नव्हतं, तरी मी त्याला सकाळची पहिली लघवी तपासायला न्यायला सांगितलं. "काकू, ती धरायची कशी?" लांब दांड्याची पळी घे, पिल्लू बसलं की मागून अलगद खाली सरकव, स्वच्छ डबीत ओत आणि लगेच डॉक्टरांकडे दे. भुरीच्या वेळची आमची पळी अजून बाल्कनीतच आहे, तीच त्याला दिली. परत आणू नकोस म्हटलं.