तिला मोगरा, मला भोंगा?

काल मधल्या सुट्टीत एक आज्जी नातवाची वही घेऊन शाळेत आल्या आणि माझ्याकडनं लाल पेनानं दुरुस्ती करून घेऊनच गेल्या. अजून डोकं तडतडतंय म्हणून लिहितोय.

शाळा बेळगावजवळ, येळ्ळूरच्या बाजूला, मराठी माध्यम, वर्ग चौथी. अलंकारांची नावंबिवं पुढं हायस्कूलला, पण कवितेत रूपक यायचं ते येतंच, आणि 'मुखचंद्र' आला की निम्मा वर्ग भर दुपारी खिडकीतनं चंद्र शोधतो. डीएडला मानसशास्त्रज्ञ पियाजे घोकलेला, सात ते अकरा वर्षांची पोरं मूर्त गोष्टींवरनं विचार करतात म्हणून. तेव्हा मार्कांपुरता वाचला, आता रोज भेटतोय. चंद्र म्हणजे भाकरी हे त्यांना पटकन पटतं, गोल दिसते ना. दगडाचं काळीज म्हटलं तर ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं विचारतात. राजहंसगडाकडं बोट दाखवून म्हटलं, हा गड म्हणजे आपल्या गावाचा राखणदार, तर एकाचा हात वर. "सर, पगार कोण देतंय?" मागनं उत्तर आलं, "पंचायत."

मग गृहपाठ दिला. घरातल्या एकेकावर एक वाक्य, 'सारखा', 'जसा', 'गत' असलं काही वापरायचं नाही, सरळ 'म्हणजे' लावायचं. 'सारखा' आला की ती उपमा, रूपकात दोन्ही एकच होऊन जातात, हे फळ्यावर चित्रं काढून, घसा बसेपर्यंत सांगितलं आणि वर्गात एकालाही कळलेलं दिसलं नाही.

आज्जींना कळलं.

पिशवीतनं वही काढली, बोट ठेवलं. 'आमची आज्जी म्हणजे कचरागाडीचा भोंगा.'

"हे तुम्ही शिकवलासा?"

म्हटलं, आज्जी, ते रूपक आहे, कवी लोक असंच बोलतात, मनाला लावून घेऊ नका.

"भोंग्यागत हाय म्हटला असता तर खपवून घेतलं असतं की. गत म्हटलं की माणूस वेगळं, भोंगा वेगळा. ह्यो तर आज्जी भोंगाच हाय म्हणूलालाय!"

मी गप्प. एवढी स्वच्छ व्याख्या मला डीएडला कुणी सांगितली नव्हती. पण आज्जींचं खरं दुखणं वरच्या ओळीत होतं. तिथं लिहिलेलं, 'आई म्हणजे मोगरा.'

"मोगरा? ती? सकाळी आठाला उठत्या ती! तिला मोगरा, मला भोंगा? आणि वर तुमची बरोबरची खूण!"

आवाज असा लागलेला की पोरं ताटं तशीच टाकून दारात जमली आणि, सांगायला नको पण सांगतो, पोराचं निरीक्षण चोख होतं.

तेवढ्यात हेडमास्तर आले. आज्जी एसडीएमसी, म्हणजे शाळेच्या समितीच्या, अध्यक्षांच्या चुलती निघाल्या, त्यामुळं हेडमास्तर एकदम साहित्यिक झाले. "बदलून द्या की सर, एक शब्दच तर हाय." एक शब्द! दूध पावडर, अंडी, केळी सगळ्याचा हिशेब मी लिहायचा, 2025 च्या दसऱ्याला पोरांना सुट्टी आणि आम्ही दारोदार सर्वेक्षणाला, परिपत्रक येतं कन्नडमधनं ते मीच वाचून स्टाफला सांगायचं, त्यातनं उरलेल्या वेळात शिकवायचं, आणि शिकवलेलं एका पोरानं, एकाच, बरोबर करून आणलं तर ते मीच लाल पेनानं खोडायचं. असो.

मग घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, आज्जी म्हणजे सावली. "काळी म्हणूलालासा काय?" आज्जी म्हणजे वड. "वडाला काय किंमत हाय आता, रोडला आडवा आला की तोडत्यात." दिवा म्हटलं, "विझतोय." हेडमास्तरांनी तुळस सुचवली, तर "सुनंला मोगरा आणि मी अंगणात, व्हय?" पदराला हात पुसत शेवटी स्वतःच म्हणाल्या, "बासमती लिवा. बेळगावचा बासमती. जुना जितका तितका चांगला."

बोलायला जागाच नाही. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो, हे कोण नाकारणार. तसा आता बासमती राहिलाय कुठं, शहापूर-वडगावच्या शिवारात घरं उठली, उरलेल्यातनं हलगा-मच्छे बायपास, पण तो विषय काढला असता तर पाचवा तास तिथंच गेला असता. भोंगा खोडला, बासमती लिहिला, खाली सही केली. आज्जींनी शिक्का पण मागितला. हेडमास्तरांनी मारला!

नातू शेजारी उभा होता, इतका वेळ एक अक्षर बोलला नव्हता. वही बघून म्हणाला, "सर, मग आज्जीला शिजवायचं काय?"

आता हेडमास्तरांचा तोंडी हुकूम आहे की यापुढं रूपकं फक्त सूर्य, चंद्र आणि डोंगरावर करायची, नातेवाईक वापरायचे नाहीत. म्हणजे मूर्त विचार करणाऱ्या पोरांना त्यांच्या ओळखीची माणसं सोडून आभाळाकडं बघायला लावायचं. शाब्बास.

रात्री त्या पोराच्या बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, 'सर नमस्कार. मला काय लिवलाय ते तेवढं कळवा.' निळ्या खुणा गेल्यात, उत्तर दिलेलं नाही. वहीत 'बाबा म्हणजे ट्रॅक्टर' आहे, आणि कंसात, मी शिकवलेलं नसताना, 'ढकलल्याशिवाय चालू होत नाही'.