मज्जा भरलेली, मग औषध कशाला?

आमच्या नाशिकच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे आणि तो इथे लीड्समध्ये बसून वाचताना माझा रोज संताप होतो. माझ्या मावसबहिणीला आयटीपी आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी नष्ट करते. स्टेरॉइड कमी केले की तिच्या प्लेटलेट पंधरा-वीस हजारांवर येतात. डॉक्टरांनी बोन मॅरो, म्हणजे हाडांतील मज्जा, तपासला, त्यात प्लेटलेट तयार करणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी भरपूर दिसल्या, तरीही त्यांनी याच पेशींना चालना देणारे एल्ट्रोम्बोपॅग लिहून दिले. गंगापूर रोडच्या मामांच्या मते मज्जा भरलेली असताना हे औषध म्हणजे निव्वळ लूट आहे. त्यापेक्षा पपईच्या पानांचा रस द्यावा.

मामांचा प्रश्न मुळात रास्त आहे, पण तसे मी त्यांना अद्याप कळवलेले नाही. निरोगी माणसाची प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. आयटीपीत प्रतिपिंडे (अँटिबॉडी) चिकटलेली प्लेटलेट प्लीहेत फार लवकर नष्ट होते. लासलगावच्या भाषेत सांगायचे तर शेतात कांदा आहे, पण तो चाळीत सडतो. 1950 मध्ये हॅरिंग्टन या अमेरिकी डॉक्टरने रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि काही तासांत त्याच्याच प्लेटलेट कोसळल्या. तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष या नाशाकडेच लागून राहिले.

दुसरी बाजू 1994 मध्ये थ्रोम्बोपोएटिन हाती लागल्यावर उलगडली. हा वाढघटक मुख्यतः यकृत तयार करते आणि प्लेटलेट व मेगाकॅरिओसाइट तो शोषून संपवतात. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात मज्जाच ओस पडते, शोषणारे कोणी उरत नाही, म्हणून रक्तातील त्याची पातळी कित्येक पटींनी चढते. आयटीपीत प्लेटलेट तितक्याच कमी असूनही ही पातळी जेमतेम नेहमीएवढी राहते, कारण भरलेली मज्जा आणि नाशाच्या वाटेवरील प्लेटलेट तो घटक फस्त करतात. शिवाय प्रतिपिंडे मेगाकॅरिओसाइटच्या कामातही अडथळा आणतात. म्हणजे पेशी आहेत, पण त्यांना पुरेसा इशारा मिळत नाही, आणि नेमका तोच बाहेरून देण्यासाठी रोमिप्लोस्टिम व एल्ट्रोम्बोपॅग ही औषधे 2008 पासून वापरात आहेत. डेंगीत उतरलेल्या प्लेटलेट बहुधा आपोआप सावरतात आणि श्रेय पपईला मिळते. मोठ्या माणसांतील जुनाट आयटीपी इतका उदार नसतो.

इकडे पानांचा रस कोणी सुचवत नाही आणि प्रिस्क्रिप्शनला 9 पौंड 90 पेन्स पडतात, हे मी ग्रुपवर ठसवून लिहिले. हिमॅटॉलॉजीच्या (रक्तविकार विभागाच्या) तारखेसाठी किती ताटकळावे लागते, ते वगळले. शेजारणीच्या हळदीच्या कॅप्सूलही वगळल्या. मामांनी एवढेच लिहिले, ‘‘तिकडे बसून शिकवणे सोपे असते.’’ ते मला लागले, कारण मध्यरात्री रक्तस्राव झाला तर रक्तपेढीत प्लेटलेटसाठी धावणारे तेच असतील आणि माझ्याकडून फार तर एक लिंक पोहोचेल. खरे सांगायचे तर वाद घातला नाही, तर त्या घरात माझे दुसरे कोणते काम उरले आहे, हे मला ठाऊक नाही.

काल मावशीने वेगळ्याने विचारले की गोळी दुधाबरोबर द्यावी का. कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून दुधाच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर द्यावी, असे मी कळवले. तिने ते ग्रुपवर टाकले, आणि दूध वर्ज्य असलेल्या औषधावर भरवसा कसा ठेवायचा, असे आता मामा विचारत आहेत.