कोणत्या खोलीचं तापमान?

श्रावण संपत आला की आमच्या म्हापशाच्या घरात झाडाझडती सुरू होते. यंदा त्यात माझी बेकिंगची पुस्तकं सापडली. गणपतीचं टेबल जिथे लागतं, नेमकं तिथेच त्यांचं कपाट. "अहो, अकरा आहेत. तीन ठेवा, बाकीची चवथीआधी रद्दीत," असा हुकूम सुटला. अकरा पुस्तकांतून आजवर धड केक किती निघाले, हे तिनं विचारलं नाही. संसार टिकतो तो असा.

तर तीन निवडायची. पहिली परीक्षा ओट्यावर. पुस्तक उघडं ठेवलं की उघडंच राहिलं पाहिजे, एवढी साधी अपेक्षा. पण दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात गेले की काही पुस्तकं बरोबर त्या क्षणाला मिटतात. एकावर मी बत्ता ठेवला, तर त्याची पाठच मोडली आणि 'ॲपल पाय' सोडून बिस्किटं सुरू झाली. ही दोन बाद.

मग चित्रांचं पुस्तक. जाड, गुळगुळीत, सगळ्यांत महाग. त्यातल्या बाई पांढरेशुभ्र कपडे घालून चॉकलेट कालवतात आणि त्यांना घाम येत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात असल्या गुळगुळीत पानांना एकमेकांचा फार लळा लागतो. ब्राउनीचं पान चीजकेकच्या पानाला चिकटलं ते कायमचं. मी नखानं सोडवायला गेलो, तर ब्राउनीचं साहित्य आणि चीजकेकची कृती एवढंच हाती आलं. तेही करून पाहिलं. नको तो विषय.

खरी लढाई मापांची. अमेरिकन पुस्तकाचा कप साधारण २४० मिलीचा. ऑस्ट्रेलियन पुस्तकातला मोठा चमचा २० मिलीचा, बाकी बहुतेकांचा १५चा. म्हणजे बेकिंग पावडर घालताना आधी लेखकाचं नागरिकत्व तपासायचं. त्यात मैदा हलक्या हातानं भरला तर कपात १२० ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर १५०. सहज. हात कसा दाबायचा, हे पुस्तकात नसतं. अमेरिकन मंडळी लोणी 'एक स्टिक' घ्या म्हणतात. ती ११३ ग्रॅमची. आमचं पाकीट १०० ग्रॅमचं. वरच्या १३ ग्रॅमसाठी दुसरं पाकीट फोडायचं, आणि उरलेले ८७ ग्रॅम बायकोला दिसायच्या आत संपवायचे. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पों पों करत दारात येतोच. गरम उंड्याला लावले की काम झालं. माझं पोट त्या एका पुस्तकानं वाढवलेलं आहे, केकनं नव्हे.

ग्रॅममध्ये लिहिणारा लेखक मला सुटे पैसे मोजून परत देणाऱ्या कंडक्टरसारखा वाटतो. त्याला मी डोळे झाकून ठेवून घेतो. असे दोन निघाले.

तिसऱ्या जागेचा निकाल एका वाक्यावर लागला. 'लोणी खोलीच्या तापमानाला आणा.' सगळेच लिहितात. पण कोणाच्या खोलीच्या? त्यांची खोली २० अंशांची. आमची मे महिन्यात ३३. ते वाक्य वाचून होईपर्यंत लोणी ताटलीत पसरलेलं असतं. तीन वर्षं मी असल्या लोण्यात साखर फेसली आणि तीन वर्षं केकच्या नावानं वीट काढली. कारण नंतर कळलं. फेसताना साखरेचे दाणे लोण्यात हवेचे बारीक कप्पे पाडतात, ते भट्टीत फुगतात आणि केक वर येतो. वितळलेल्या लोण्यात कप्पे पडणार कुठे? एका फाटक्या जुन्या पुस्तकानं मात्र अंशांची भानगडच ठेवलेली नाही. 'बोटानं दाबल्यावर खळगा पडावा, बोट आत बुडू नये,' एवढंच लिहिलंय. त्या पानावर माझ्या बोटाचा तेलकट ठसाही आहे. कपाटातलं सगळ्यांत कळकट पुस्तक तेच. ते राहिलं.

आता शेवटची खात्री करायची, तर घरात श्रावण. अंडं उंबरठ्याच्या आत येणार नाही. म्हणून तिन्ही पुस्तकं बगलेत मारून शेजारच्या आंटींकडे गेलो. आंटींचा ओव्हन माझ्यापेक्षा जुना आहे आणि त्यांची बेबिंका खाल्ल्यावर माणूस पुस्तकं विकत घेतच नाही. त्यांनी तिन्ही चाळली, प्रत्येकाची किंमत विचारली आणि आतून एक वही आणली. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतली, तुपाच्या डागांनी पारदर्शक झालेली. बातक, म्हणजे रव्याचा केक, काढलं. रवो २ कप. साकर १ कप. अंडीं आसा तितलीं. भाजप, जाय मेरेन. म्हणजे, भाजा, हवं तोवर.

"आंटी, कप कोणता?"

"कप म्हणजे कप!"

वही त्यांनी घरी न्यायला दिली. कप द्यायला साफ नकार. पन्नास वर्षं तो त्या घराबाहेर गेलेला नाही म्हणे. मी दुसऱ्या दिवशी खिशात वजनकाटा घालून गेलो. त्या मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. फळीवर कान तुटलेला निळा कप होता. झटकन काट्यावर ठेवला, शून्य केला, काठोकाठ पाणी भरलं. १७२ ग्रॅम, म्हणजे १७२ मिली. ना अमेरिका, ना ऑस्ट्रेलिया. आकडा तळहातावर लिहून घेत होतो, इतक्यात आंटी दारात.

"उदक कित्याक मेजता रे तूं?"

चोरी सांगून टाकली. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्या तळहाताकडे.

"तो न्हय रे," त्या म्हणाल्या. "तो तांदळांचो."